गुडघ्यात तीन इंजेक्शनं घ्यायला सांगितलीत, आईला काय काय होईल?

पत्र: ताई, मी कराडहून लिहितेय. आई ६३ वर्षांची आहे, अंगणवाडीत सेविका होती, आता रिटायर झाली. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले ग्रेड ३ आहे, गादी झिजलीय, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं गुडघ्यात घ्या. बाहेर काउंटरवर पॅकेजचा आकडा सांगितला, आजच बुक केलं तर कमी पडेल म्हणाले. शेजारच्या काकू म्हणतात त्या इंजेक्शनाने हाडं पोकळ होतात आणि सवय लागते. भाऊ म्हणतो पुण्यात आपल्याच रक्तातून बनवून देतात ते घेऊ. दीड महिन्यावर भाचीचं लग्न आहे आणि आईला त्यात नीट वावरायचंय. इंजेक्शन किती दुखेल, गुण कधी येईल, त्रास काय होतो आणि ऑपरेशन टळेल का, एवढं सांगा.
— कराडची लेक

अगं, पैसे अजून भरले नसशील तर आधी थांब. आठवडाभर उशीर झाला म्हणून आईच्या गुडघ्याचं काही बिघडणार नाही, झीज इतकी वर्षं होत होती ती आठ दिवसांत कुठे पळत नाही. आजच बुक करा असं कुणी काउंटरवरून सांगत असेल तर तो विक्रीचा भाग झाला, उपचाराचा नाही.

तुझ्या पत्रात सगळं आहे पण इंजेक्शन कुठलं तेच नाहीये, आणि मला वाटतं तुम्हाला ते सांगितलंच नसावं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंजेक्शन मी देत नाही, पण घेऊन आलेली माणसं माझ्याकडे व्यायामाला येतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या गुडघ्यात काय सोडलं ते माहीत नसतं, फक्त किती पैसे लागले ते माहीत असतं. याचा मला फार त्रास होतो. कारण कधी गुण येईल, किती टिकेल, शुगर वाढेल का, या सगळ्याचं उत्तर औषधावर ठरतं. तेव्हा उद्या फोन करून औषधाचं नाव विचार आणि चिठ्ठीवर लिहून घे.

साधारण तीन प्रकार असतात. स्टिरॉइड, जेल म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड, आणि पीआरपी म्हणजे तुझा भाऊ म्हणतो ते रक्तातलं. आता दर आठवड्याला एक अशी तीन म्हटल्यावर ते स्टिरॉइड नसणार, कारण एकाच सांध्यात स्टिरॉइड असं लागोपाठ देत नाहीत, दोन डोसमध्ये निदान तीन महिने तरी जाऊ देतात. म्हणजे बहुतेक जेल असेल किंवा पीआरपी. तरी तिन्हींबद्दल लिहिते, कारण तुझ्या आईची शुगर आणि भाचीचं लग्न दोन्ही बघता उद्या कुणीतरी स्टिरॉइडचंही नाव काढेलच.

स्टिरॉइडपासून सुरुवात करू कारण काकूंची भीती तिथलीच आहे. हे सगळ्यात जुनं, १९५१ पासून सांध्यात दिलं जातंय, आणि औषध तसं स्वस्त. गुडघ्याच्या आत जी सूज असते, म्हणजे सांध्याचं अस्तर सुजून पाणी धरतं ना, ती हे उतरवतं. झिजलेली गादी काही भरून येत नाही. गुण दोन-चार दिवसांत जाणवायला लागतो, कुणाला आठवडा लागतो, आणि टिकतो काही आठवडे, महिना दोन महिने धर. गुडघा सुजलेला, गरम, पाणी झालेला असेल तर याचा उपयोग चांगला होतो, नुसता एक्स-रे खराब आहे आणि सूज नाही अशा गुडघ्यात तेवढा नाही.

हाडं पोकळ होतात ही गोष्ट काकूंनी कुठून ऐकली तेही सांगते. स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने, वर्षानुवर्षं पोटात गेल्या तर हाडं खरंच ठिसूळ होतात. सांध्यात वर्षातून एखाददुसरं इंजेक्शन घेणं ही त्यातली गत नाही. व्यसनासारखी सवयही लागत नाही, होतं असं की महिन्या-दोन महिन्यांनी असर उतरतो, दुखणं परत येतं आणि माणसाला वाटतं परत घ्यावं. पण वारंवार घेत राहण्यात खरा धोका आहे. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, १४० लोकांचा, निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड आणि निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, असं दोन वर्षं दिलं. दोन वर्षांनी स्टिरॉइडवाल्यांची गादी जास्त झिजलेली निघाली आणि दुखण्यात मात्र दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून अडीअडचणीला, सूज आली तेव्हा, एखादं घेणं ठीक, दर तिमाहीला नेमाने घेणं नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शुगर. स्टिरॉइड गुडघ्यात दिलं तरी थोडं रक्तात जातंच आणि शुगर पहिल्या दिवसापासून चढू शकते, काही दिवस चढलेली राहते, साधारण आठवडाभरात खाली येते. घरी ग्लुकोमीटर नसेल तर कुणाचा तरी आण, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघ आणि वहीत लिही. गोळीचा डोस स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही, आकडा फार वर गेला, किंवा आईला सारखी तहान लागायला लागली, सारखं लघवीला जावं लागलं तर शुगरच्या डॉक्टरांना फोन. आधीची तीन महिन्यांची शुगर, ती एचबीए१सी, फारच वाढलेली असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत इंजेक्शन पुढे ढकलणंच बरं.

आता जेल. आपल्या सांध्यात जो चिकट द्रव असतो, लोक वंगण म्हणतात, त्यातला मुख्य पदार्थ हायल्युरॉनिक ॲसिड, तोच बाहेरून भरतात. कंपनीप्रमाणे एकच मोठा डोस असतो किंवा आठवड्याला एक अशी तीन ते पाच. शुगरवर याचा परिणाम नाही, ही जमेची बाजू. पण गुण लगेच येत नाही, महिना तर सहज जातो, दीड-दोन महिन्यांनी काय तो जास्तीत जास्त फरक कळतो आणि ज्यांना लागू पडतं त्यांना पाच-सहा महिने बरं वाटतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गुडघा सुजून उलट जास्त दुखण्याची शक्यता असते, ती माहीत नसली की घरचे घाबरतात.

एक गोष्ट अशी की काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात आणि काही जिवाणूंपासून आंबवून. आई माळकरी असेल, किंवा कट्टर शाकाहारी असेल, तर हे आधीच विचार, आणि अंड्याची वा कोंबडीची ॲलर्जी असेल तर नक्कीच विचार. डॉक्टर स्वतःहून सांगतीलच असं नाही, ते त्यांच्या डोक्यातही नसतं. पण इंजेक्शन घेऊन झाल्यावर हे कळलं तर काही बायकांच्या मनाला ते फार लागतं, मी बघितलंय. दुसऱ्या प्रकारचं मिळतं, मागायला लाजू नये.

जेलचा उपयोग किती, तर इथे मोठमोठ्या संस्थांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याला हे सरसकट देऊ नये असं सांगितलं, ब्रिटनची नाइस ही सरकारी संस्था तर सरळ देऊ नका म्हणते, आणि सांध्यांच्या झिजेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना म्हणते काही पेशंटमध्ये विचार करायला हरकत नाही. २०२२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनापेक्षा फरक पडतो खरा, पण पेशंटला जाणवावा एवढा नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे तुझ्या आईला गुण येणारच नाही असं मी म्हणत नाही, काहींना येतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्यासाठी सोनं गहाण टाकायचं असेल किंवा कुणाकडून उसने घ्यायचे असतील तर नको. पैसे हातात आहेत, गेले तर फार फरक पडत नाही, अशा घराने करून बघायला हरकत नाही.

पीआरपीचं भावाला सांग. दंडातून रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करतात आणि तो गुडघ्यात सोडतात, सगळं एकाच बैठकीत, तास-दीड तासात होतं. रक्त आपलंच असल्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न फारसा येत नाही. पण इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस चांगलंच ठणकतं, तिन्हींत हेच जास्त दुखतं असं पेशंट सांगतात, आणि त्या काळात नेहमीच्या सुजेच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे घेऊ देत नाहीत, आधीही काही दिवस बंद करायला सांगतात, फक्त पॅरासिटामॉल चालते. याबद्दल अभ्यास उलटसुलट आहेत, काही छोट्या अभ्यासांत गुण दिसला. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर नीट अभ्यास झाला, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना सलाइन, आणि वर्षभराने ना दुखण्यात फरक ना गादीत. दोन्ही गटांत बऱ्याच लोकांना बरं वाटलं होतं, सलाइनवाल्यांनाही. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावरून महागडं काही ठरवू नये. आणि दर ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी, त्यामुळे एका दवाखान्याचं पीआरपी आणि दुसऱ्याचं पीआरपी सारखं नसतंच. गादी परत उगवते असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. स्टेम सेल म्हणून कुणी लाखभर सांगत असेल तर तिथे तर बसायचंच नाही, आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गुडघ्याच्या झिजेसाठी तो मान्य उपचार नाहीच.

प्रत्यक्ष काय होतं ते आईला आधी नीट सांग, म्हणजे तिची भीती जाईल. झोपवतात, गुडघ्याखाली उशी, जागा औषधाने दोन-तीनदा पुसून घेतात, कुणी आधी सुन्न करतात कुणी नाही, आणि वाटीच्या बाजूने सुई आत घालतात. गुडघ्यात पाणी झालं असेल तर आधी सिरिंजने ते काढून घेतात, पिवळसर असतं, ते बघून घाबरायचं नाही, उलट पाणी निघाल्यावर लगेच हलकं वाटतं. सुई टोचल्याचं दुखतं, औषध जाताना आत दाटल्यासारखं वाटतं, पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवतात आणि चालत घरी सोडतात. रिक्षाने किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून न्या, स्वतः गाडी चालवायची नाही. त्या दिवशी टोचलेली जागा ओली करायची नाही, आणि हे मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे हमखास होतं, त्या गुडघ्याला तेल चोळायचं नाही, लेप लावायचा नाही, गरम शेकायचं नाही. दुखलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. दोन दिवस जिने, बाजार, खाली बसणं टाळायचं, घरातल्या घरात चालायला काही हरकत नाही, उलट चालावंच.

स्टिरॉइडनंतर एखाद-दोन दिवस चेहरा लाल होणं, झोप न लागणं, असं होऊ शकतं, जातं. टोचल्या जागी कातडी पांढरट पडणं किंवा खळगा पडणं हेही कधी होतं. खरी काळजी फक्त जंतुसंसर्गाची, ती क्वचित होते पण झाली तर सांधा खराब करते, आणि शुगरवाल्यांना जास्त जपायला हवं. साधं दुखणं पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरतीला लागतं. त्याऐवजी दुखणं वाढत चाललंय, गुडघा लाल-गरम झालाय, ताप आहे, थंडी वाजतेय, पाय टेकवत नाही, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दवाखाना गाठायचा. त्यासाठीच आधीही बघायचं, आईला ताप असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, दाढ सुजली असेल, गुडघ्यावर जखम किंवा गळू असेल, तर इंजेक्शन त्या दिवशी घ्यायचंच नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांग, पण मनाने बंद करू नका, हृदयाच्या पेशंटनी असं केलेलं फार महागात पडतं.

आणखी एक विचारते, राग मानू नकोस. आई कुठल्या पुड्या घेते का? आपल्या भागात गुडघेदुखीवर कुणीतरी आयुर्वेदिक म्हणून लेबल नसलेल्या पुड्या, गोळ्या देतात, चार दिवसांत जादूसारखा गुण येतो, आणि अशा बऱ्याच औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चेहरा गोल सुजल्यासारखा झालाय, शुगर कशानेच हलत नाही, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं होतं, असं काही असेल तर पुडी डॉक्टरांना नेऊन दाखव. आणि बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंद करू नका, त्याने अचानक बीपी उतरून माणूस पडतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करावी लागते. बायका हे घरात सांगत नाहीत, शेजारणीकडून मागवतात, म्हणून तू जरा प्रेमाने विचार.

हेही बघून घे की सकाळी उठल्यावर सांधे तासभर आखडलेले राहतात का, हाताची बोटं सुजतात का. तसं असेल तर तो आमवात असू शकतो, त्याला रक्ताच्या तपासण्या आणि वेगळ्या गोळ्या लागतात, गुडघ्यात इंजेक्शनं देत बसून चालत नाही. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. कुठलंही इंजेक्शन घ्या, त्याने दुखणं कमी होऊन जे काही आठवडे मिळतील ते व्यायामात घालवले तरच त्या पैशाचं काहीतरी झालं. माझ्याकडे नेहमी उलटं होतं, गुण आला की माणूस व्यायाम सोडतो, दुखतच नाही तर कशाला येऊ म्हणतो, राहिलेली कामं काढतो, जिने चढतो, आणि दोन महिन्यांनी परत तिथेच. अगं, मांडीचे स्नायू हाच गुडघ्याचा आधार आहे, दुखतं म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडी सुकते, मांडी सुकली की गुडघ्यावर जास्त भार, की अजून दुखतं. हे चक्र दुखणं कमी असतानाच तोडता येतं. २०२० मध्ये अमेरिकेत सैन्याच्या दवाखान्यांत १५६ लोकांवर हाच अभ्यास झाला, एका गटाला स्टिरॉइड इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि वर्षभराने फिजिओथेरपीवाले दुखण्यातही आणि चालण्या-फिरण्यातही बरे होते. मी फिजिओ आहे म्हणून माझ्याच धंद्याची बाजू घेतेय असं वाटेल, पण हे व्यायाम घरी फुकट होतात, माझ्याकडे यायचीही गरज नाही, कुणा जाणकाराकडून एकदा शिकून घेतले की झालं.

इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. मग उताणं झोपून एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, परत पाच अंक. आणि उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, सुरुवातीला जमेल तेवढं. सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिलं तर कमी करायचं. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, म्हणून पाच किलो ही छोटी गोष्ट नाही. अंगणवाडीत आयुष्यभर पोरांबरोबर जमिनीवर बसण्यात गेलं असणार तिचं, आता भाजी निवडायला, पूजेला खुर्ची-टेबल घ्यायला तिला जिवावर येईल, पण घ्यायला लाव, आणि संडासाला कमोडची सोय नसेल तर इंजेक्शनाच्या पैशातून आधी ती कर. खरंच आधी ती कर.

लग्नाचं गणित असं की दीड महिन्यात जेलचा पूर्ण गुण धरू नकोस. तीन आठवडे इंजेक्शनांतच जातील, लग्नाच्या आसपास कुठे थोडाफार फरक पडला तर पडला. पीआरपीचंही तसंच. गुडघ्यात सूज किंवा पाणी असेल, शुगर आटोक्यात असेल आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर लग्नाच्या दोनेक आठवडे आधी एक स्टिरॉइड, हा त्यातल्या त्यात व्यवहारी मार्ग आहे. अगदी दोन दिवस आधी घ्यायचं नाही, कारण नेमकं हळदीला गुडघा ठणकायचा आणि त्यात लग्नातल्या पंगतीचं गोड खाऊन शुगर आणखी वर. व्यायाम मात्र आजपासून सुरू केले तरी दीड महिन्यात फरक दिसतो, त्याला कुठल्या इंजेक्शनाची वाट बघायला नको.

ग्रेडचं म्हणशील तर ० ते ४ असे आकडे असतात, ३ म्हणजे मध्यम, ४ म्हणजे हाडाला हाड लागत आलं. एक्स-रे उभं राहून काढलाय ना बघ, झोपून काढलेल्यात झीज नीट कळत नाही. आणि ग्रेड ३ असून रोज शेतात जाणारी माणसं आहेत, ग्रेड २ मध्ये घरात बसलेली आहेत, तेव्हा त्या आकड्याने आईला घाबरवू नकोस. दुसरं मत हवं असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत जा, तिथे इंजेक्शन विकायचं कुणाला पडलेलं नसतं.

ऑपरेशन टळेल का, तर इंजेक्शनाने झीज थांबत नाही, म्हणून कायमचं टळेल असं कुणी लिहून देऊ शकत नाही. व्यायाम, वजन आणि अधूनमधून औषधावर कितीतरी जणी वर्षानुवर्षं काढतात, काहींना ऑपरेशन कधीच लागत नाही. पण रात्रीची झोप मोडायला लागली, घरातल्या घरात चालणं कठीण झालं, पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागला, तर मग इंजेक्शनांत वर्षं घालवू नका, तेव्हा सांधाबदल हाच चांगला उपचार आहे आणि ६३ हे वय त्यासाठी काही जास्त नाही. कधी ऑपरेशन ठरवायची वेळ आलीच तर आधी कुठलं इंजेक्शन कधी घेतलं त्याची चिठ्ठी सर्जनना दाखव, स्टिरॉइड घेतल्यानंतर तीन महिने तरी जाऊ देतात, नाहीतर इन्फेक्शनचा धोका वाढतो. म्हणून ती चिठ्ठी आईच्या शुगरच्या फाइलमध्येच लावून ठेव.